बाबांचं मागणीपत्र

आमच्या घरात पुस्तकांच्या आधी पत्रकं आली. बाबा मानपाड्याच्या औद्योगिक वसाहतीत एका रंग बनवणाऱ्या कंपनीत कामाला होते आणि तिथल्या युनियनचे सेक्रेटरी होते. उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर मी मुळाक्षरं गिरवली आणि कोरी बाजू संपली की कागद उलटून छापील बाजू वाचली. 'अ' अन्यायाचा, हे मला शाळेत जायच्या आधी ठाऊक होतं. त्यामुळे माझं लिहिणं थोडं मोठ्या आवाजात होतं, हे आधीच सांगून ठेवते.

ज्यांच्या घरात एखादं माणूस विसरत चाललं आहे त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मेंदूत नेमकं काय बिघडतं, गोळी कुठली, हे इथे सापडणार नाही. ते डॉक्टर सांगतील. माझा प्रश्न वेगळा आहे. अशा माणसाचं जगणं बरं चाललंय की वाईट, हे कोण ठरवणार? आमच्याकडे या एका प्रश्नावर बाबा डोंबिवलीतल्या स्वतःच्या घरात राहणार की जाणार, हे ठरायचं होतं.

लेखी द्या

आधी नावं गेली. मग दुपारचं जेवण झालंय हे विसरायला लागले. मग एका सकाळी बाबा बूट घालून, रिकामा डबा पिशवीत टाकून फर्स्ट शिफ्टला निघून गेले. ते निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. कंपनीही बंद पडली होती, तिथे आता कुणाचं तरी गोदाम आहे. म्हात्रेकाकांनी त्यांना गेटसमोर उभं असलेलं पाहिलं आणि रिक्षात घालून घरी आणलं.

म्हात्रेकाका मानपाडा गावातलेच. त्यांच्या वडिलांच्या भातखाचरांवर वसाहत उभी राहिली आणि काका त्याच जागेवर ऑपरेटर म्हणून लागले. बाबांचे ते सगळ्यात जुने मित्र. दारात आईला एवढंच म्हणाले, "वहिनी, याला डॉक्टरला दाखवा. मला बोलला, आज गेट मीटिंग हाय, तू उशिरा कसा?"

ठाण्याच्या एका रुग्णालयात तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी बाबांना घड्याळ काढायला सांगितलं. बाबांनी छान गोल काढला आणि त्यात फक्त सात, तीन आणि अकरा हे आकडे घातले. तीन शिफ्ट. बाकीच्या वेळेशी त्यांचा कधी संबंधच आला नव्हता.

डॉक्टरांनी डिमेन्शिया हा शब्द उच्चारला तेव्हा आईने पर्स छातीशी धरली. माझा मोठा भाऊ, दादा, खिडकीबाहेर बघत राहिला. बाबा मात्र खुर्चीत पुढे सरकले.

"हे केमिकलमुळे झालं का?"

तसं ठामपणे सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले.

"मग सांगता येत नाही, एवढं तरी लेखी द्या."

डॉक्टर भला माणूस. त्यांनी खरोखर फाइलवर तसं लिहिलं आणि खाली सही केली. बाबांनी ती सही नीट बघून घेतली. लिफ्टपाशी पोचेपर्यंत आम्ही तिघं हसत होतो आणि आईच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. घाबरलेल्या माणसानेही आपला हक्क सोडायचा नसतो, हे मी आयुष्यभर वाचलं होतं. त्या दिवशी ते डोळ्यांनी पाहिलं.

बाक आणि कूलर

मग दर महिन्याच्या फेऱ्या सुरू झाल्या. दादा ठाण्यात बाळकुमला एका मोठ्या कॉम्प्लेक्समध्ये राहतो. तो गाडी घेऊन यायचा, शिळफाट्याच्या कोंडीत आम्ही अडकायचो, मग टोकन, वजन, रक्तदाब आणि लांब बाकावर वाट पाहणं.

त्या बाकावर बाबा सगळ्यात खुश असत. शेजारच्याला विचारायचे, तुमची तक्रार काय? एकदा त्यांना कळलं की पाण्याचा कूलर बंद आहे. त्यांनी बाकावरच्या सगळ्यांना उभं केलं, त्यातल्या निम्म्यांना आपण का उभे राहिलोय ते माहीत नव्हतं, आणि सगळे मिळून काउंटरवर गेले. पुढच्या खेपेला कूलर चालू होता. बाबांना त्यातलं काही आठवत नव्हतं. ते पाणी प्यायले आणि म्हणाले, "इथली व्यवस्था चांगली आहे."

घरचं कठीण होतं. संध्याकाळ झाली की बाबा अस्वस्थ व्हायचे. कधी मला विचारायचे, "ताई, तुम्ही कुठल्या युनियनच्या?" मी म्हणायचे, "तुमच्याच." ते मान डोलवायचे. त्यानंतर मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडायचे.

आईबद्दल काय लिहू? बाबांनी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारली तर ती दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखं उत्तर द्यायची. "आठवत नाही का?" हे शब्द तिने घरातून हद्दपार केले होते. माझ्या तोंडून एकदा निघाले तर तिने माझ्याकडे असं पाहिलं की पुन्हा निघाले नाहीत. तिने कडी वर बसवून घेतली, गॅसची बटणं काढून डब्यात ठेवायला लागली आणि तिची झोप कधी कमी झाली ते आम्हाला कळलंही नाही. तिचे गुडघे सुजायचे. विचारलं तर म्हणायची, जिना जुना आहे.

दादाला ते दिसत होतं. टिटवाळ्याच्या बाजूला त्याने एक निगा केंद्र बघून ठेवलं होतं. "मी स्वतः जाऊन आलेलो," तो म्हणाला. स्वच्छ होतं, बाग होती, एक जागा रिकामी होती. आमची भांडणं स्वयंपाकघरात व्हायची, दबक्या आवाजात, कुकरच्या शिट्टीच्या आडोशाने.

"आईला आधी काही झालं तर काय करशील गं?"

"बाबांना कुणी विचारलं का, त्यांना जायचंय का?"

"त्यांना काय विचारणार? सकाळचा चहा झाला का, ते त्यांना सांगता येत नाही."

दादा दुष्ट नव्हता. म्हणूनच त्याच्याशी भांडणं इतकं अवघड होतं.

दोघांना वेगवेगळं विचारायचं

रुग्णालयात रेवती मॅडम नावाच्या मानसतज्ज्ञ होत्या. त्यांनी आम्हाला बसवून सांगितलं की स्मरणशक्ती किती गेली एवढंच मोजून भागत नाही. माणसाचं जगणं कसं चाललंय तेही मोजावं लागतं. त्यासाठी ठरलेले प्रश्न असतात. तब्येत, झोप, मन, घर, नाती, कामं, मौज, एकूण आयुष्य. प्रत्येकाला वाईट, ठीक, चांगलं, उत्तम यातलं एक उत्तर. हेच प्रश्न रुग्णाला विचारतात आणि घरच्यालाही त्याच्याविषयी वेगळं विचारतात.

दादाने विचारलं, दोन्ही उत्तरं जुळली नाहीत तर?

त्या म्हणाल्या, बहुतेक वेळा जुळत नाहीत. घरची माणसं सहसा जास्त वाईट सांगतात. ती जे गेलं त्याच्याकडे बघत असतात. रुग्ण जे उरलंय त्यात राहत असतो.

हे ऐकून माझ्या अंगात बाबा शिरले. मी तिथल्या तिथे भाषण केलं. मागण्या कामगाराच्या आणि त्या लिहिणार मॅनेजर, असं चालेल का? माणूस विसरला म्हणून त्याचं मत रद्द होतं का? जगणं ज्याचं, उत्तर त्याचं. केंद्राचं काय करायचं ते बाबांच्या उत्तरावरच ठरलं पाहिजे.

दादा दमला होता. तो म्हणाला, "ठीक आहे. बाबा स्वतः चांगलं म्हणाले तर मी टिटवाळ्याचं नाव काढणार नाही. पण वाईट म्हणाले तर तू मधे यायचं नाहीस." मी कबूल झाले. मला उत्तर माहीत होतं ना. बाबा तर हसतमुख.

रेवती मॅडम टेबलापलीकडे बसल्या. गळ्यात ओळखपत्र, हातात पॅड आणि पेन. बाबांनी कॉलर नीट केली, खुर्ची जरा मागे घेतली आणि हाताची घडी घातली.

तब्येत? "वाईट."

झोप? "वाईट."

राहायची जागा? "वाईट. हवा खेळत नाही."

जेवण हा प्रश्न यादीत नव्हता, तो बाबांनी स्वतः काढला. "जेवणाबद्दल तर बोलूच नका."

आई माझ्या शेजारी बसली होती. रोज भाकरी त्यांना लागते तशी पातळ थापणारी.

घरच्या माणसांशी संबंध? "वाईट. कुणी ऐकत नाही."

आणि लग्न, म्हणजे पत्नीशी कसं आहे?

बाबांनी कॉलर पुन्हा नीट केली. "त्यात सुधारणेला वाव आहे."

दुसऱ्या कुठल्याही दिवशी मी यावर खो खो हसले असते. पण आईने मान खाली घातली होती आणि ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. एकूण आयुष्य कसं वाटतं, या शेवटच्या प्रश्नालाही बाबांनी खणखणीत आवाजात वाईट म्हटलं आणि आमच्याकडे विजयी नजरेने पाहिलं.

परतीच्या वाटेवर दादा चिडला नाही, जिंकल्यासारखंही वागला नाही. फक्त म्हणाला, "त्यांच्याच तोंडून ऐकलंस ना?" माझं तत्त्व माझ्याच मांडीवर येऊन बसलं होतं. महिनाअखेरीला बाबांना टिटवाळ्याला सोडायचं ठरलं.

काही सोडलं नाही

चार-पाच दिवसांनी आई बाबांच्या कपड्यांची बॅग भरायला बसली होती. मी पलंगावर नुसती बसून होते. बाबा दारात आले आणि हळूच विचारलं, "काय कळवलं गं कंपनीने?"

"कशाबद्दल?" आईने विचारलं.

"ती बाई नव्हती का आली, सगळं लिहून घ्यायला. मी काही सोडलं नाही हां, सुलभा. सगळं वाईट सांगितलं. आता बघ, करार चांगला होईल."

आईच्या हातातला शर्ट तसाच राहिला. मग तिने अगदी सावकाश विचारलं, "आणि जेवणाचं?"

"कॅन्टीनचं? चांगलं म्हटलं असतं तर उद्या तेच काढून घेतलं असतं त्यांनी."

आई हसायला लागली. हसता हसता बॅगेवरच बसली, मग रडायला लागली, मग दोन्ही एकदम. बाबांना वाटलं करार झाला. त्यांनी माझ्याशी हात मिळवला.

आम्हाला कळायला हवं होतं, कारण आम्ही त्याच पद्धतीत वाढलो. बाबांच्या युनियनमध्ये वेतनकराराच्या आधी दोन बैठका व्हायच्या. पहिली गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर. तिला 'आतलं' म्हणत. तिथे प्रत्येकाने खरं सांगायचं: काय बरं आहे, काय सहन होत नाही, कशासाठी अडून बसायचं आणि बदल्यात काय सोडता येईल. दुसरी मॅनेजमेंटसमोर. तिथे 'बाहेरचं' बोलायचं आणि बाहेरचं म्हणजे सगळंच वाईट. टेबलापलीकडच्या माणसासमोर एखादी गोष्ट चांगली म्हटलीत की ती बोलण्यांतून गेलीच.

बाबांनी रेवती मॅडमना, त्यांच्या ओळखपत्राला आणि पॅडला, बाहेरचं सांगितलं होतं. आपल्या बाजूच्या माणसांसाठी. जेवढं विसरायचं तेवढं विसरूनही ते बोलणी करायला विसरले नव्हते.

मी रेवती मॅडमना फोन करून आतलं-बाहेरचं सगळं सांगितलं. मनातून भांडायची तयारी होती, पण त्यांनी मला तेवढी संधी दिली नाही. त्या म्हणाल्या, "मग ती उत्तरं मी धरत नाही. चूक माझी आहे. मी कोण आणि कशाला विचारतेय, ते त्यांना कळलंय का, हे मी पाहिलंच नाही." मी अनेक मोठ्या खुर्च्यांतली माणसं पाहिली आहेत. स्वतःच्या हाताने केलेलं मोजमाप इतक्या सहज बाजूला ठेवणारं माणूस पहिल्यांदा पाहिलं. मग त्यांनी विचारलं, "आतलं विचारायची पद्धत काय असते?"

आतलं

त्या राहतात कल्याणला. रविवारी सकाळी घरी आल्या. ओळखपत्र नव्हतं, पॅड नव्हतं. आम्ही खुर्च्या हलवल्या आणि सगळे खाली चटईवर बसलो. दादाही आला होता. कोपऱ्यात, हाताची घडी घालून. चहा कपात द्यायचा नाही, टपरीसारखा काचेच्या ग्लासात द्यायचा, हे म्हात्रेकाकांनी आईला बजावलं होतं. सुरुवात त्यांनीच केली.

"अरून, बाहेरचा कोनी नाय हितं. आतलं बोल रं."

बाबांनी आजूबाजूला पाहिलं. मग त्यांचा आवाज खाली आला. हा आवाज मी लहानपणी दाराआडून ऐकला होता.

मॅडमनी जेवणाचं विचारलं. "एक नंबर," बाबा म्हणाले, "पण हे बाहेर जाता कामा नये."

मन कसं असतं?

"संध्याकाळी भीती वाटते. कसली ते सांगता येत नाही. दिवे लावले की कमी होते."

आणि स्मरणशक्ती?

बाबा हसले. "ती गेली. तिच्यावर बोलणी नकोत. जे मॅनेजमेंटच्याही हातात नाही त्याच्यासाठी संप करायचा नसतो."

म्हात्रेकाकांनी ग्लास उगीचच फिरवला.

कामांबद्दल विचारल्यावर मात्र बाबा तापले. "काम देत नाहीत. बसवून ठेवतात." ज्यांनी कारखाना पाहिला नाही त्यांना सांगते, एखाद्या कामगाराला मोडायचं असेल तर त्याला काम न देता दिवसभर स्टुलावर बसवून ठेवत. बाबांनी ते भोगलं होतं. आम्ही घरी त्यांच्या हातातून कांदा, झाडू, पाण्याची बादली सगळं प्रेमाने काढून घेतलं होतं.

मग मॅडमनी विचारलं, इथेच राहायचं की दुसऱ्या चांगल्या जागी? बाबांनी दादाकडे बोट केलं. ते त्याला कुणी तरुण कामगार समजत होते बहुतेक.

"बदलीची कुजबुज आहे. तुला काही माहितीये का रे?"

दादा म्हणाला, "नाही. तसं अजून काही नक्की नाही."

"बदली नको. पण ते नंतर. पहिली मागणी वेगळी आहे." बाबांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. तिथे आई ट्रे घेऊन उभी होती. "हिला रिलीव्हर द्या. कधीपासून डबल ड्यूटी करतेय. पुढच्या पाळीचा रिलीव्हर आल्याशिवाय रिअॅक्टर सोडून जाता येत नाही, तसं झालंय तिचं. मला रात्री जाग येते तेव्हा ती जागीच असते. हे आधी लिहा. माझं नंतर."

आईने ट्रे खाली ठेवला आणि तिथेच बसली. सगळ्या मोजमापात आई कशी आहे, असा रकाना कुठेच नव्हता. तो बाबांनी घातला.

रेवती मॅडमना पद्धत कळली होती. त्यांनी विचारलं, "आणि बदल्यात काय सोडाल?"

बाबांनी दाराशी ठेवलेल्या आपल्या बुटांकडे पाहिलं. "एकट्याने गेटवर जाणं," ते म्हणाले. "ते सोडतो."

"मी नेईन ना तुला," म्हात्रेकाका म्हणाले. "गेटवरचा चाय थोडीच बंद झालाय."

दादा उठून गॅलरीत गेला. परत आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. त्याने बाबांसमोर हात पुढे केला आणि म्हणाला, "मान्य. रिलीव्हरचं मी बघतो. बदली रद्द."

बाबांनी हात मिळवला, पण सोडला नाही. "लेखी," ते म्हणाले.

नंतर

आता सकाळपासून दुपारपर्यंत शुभांगीताई येतात आणि शनिवार-रविवार दादा स्वतः ड्यूटीवर असतो. पहिल्या दिवशी आम्हाला वाटलं, आई कुठेतरी फिरून येईल. तिने आतल्या खोलीचं दार लावलं आणि ती झोपली. इतकी गाढ, की बाबांनी दारावर पहारा दिला, कुणाला टीव्ही लावू दिला नाही.

बाबांना काम मिळालं आहे. ते मटार सोलतात, पाणी भरतात आणि मी ज्या गटाबरोबर काम करते त्याच्या पत्रकांच्या घड्या घालतात. घडी अजून धारदार पडते. एखादं पत्रक वाचून परत देतात. "लांबलंय. गेटवरचा माणूस उभ्याने वाचतो." संध्याकाळ व्हायच्या आतच आम्ही घरातले सगळे दिवे लावतो. कधी ते बूट घालून दाराशी जातात. आई म्हणते, करार झालाय ना, आणि ते बूट काढतात. कधी नाही काढत. आजार थांबलेला नाही, पुढेच चाललाय, तसं भासवणं खोटं होईल. पण माझ्या पाहण्यात आपल्या माणसांसाठी इतका अडून बसलेला दुसरा कार्यकर्ता नाही.

तुमच्या घरी कुणी असं मोजमाप करायला आलं, तर त्याला मनाई करू नका. फक्त आधी बघा, तुमचं माणूस समोरच्याला कोण समजतंय. आणि प्रश्न चटईवर बसून विचारा.

परवा पुन्हा तपासणी होती. रेवती मॅडम टेबलापलीकडे, रुग्णालयाच्या नियमाप्रमाणे गळ्यात ओळखपत्र. त्यांनी विचारलं, एकूण आयुष्य कसं वाटतं? "वाईट," बाबा म्हणाले, पॅसेजमध्ये ऐकू जाईल इतक्या जोरात. मग ते टेबलावर वाकले, इकडेतिकडे पाहिलं आणि कुजबुजले, "चांगलं आहे. पण लिहू नका."

मॅडमनी पेन खाली ठेवलं.

मी मात्र हे इथे लिहिलंय. वाचून झालं की गरज असेल त्याला द्या. मॅनेजमेंटच्या हाती तेवढं लागू देऊ नका.